देऊळ आंग मोडायचं तो चैत

चैत लागला की आमच्या गावात दोन वास येतात. एक शिजत्या हळदीचा अन् दुसरा तापल्या दगडाचा. हळदीचा वास कोणालाही येतो, मानोऱ्याच्या रस्त्यानं जाणाऱ्या एसटीतल्या माणसालाही येतो. दगडाचा वास यायला मात्र दगडापाशी बसावं लागतं. मी जन्मभर सिमेंटातला मिस्तरी. मला तो वास आता आता यायला लागला, अठ्ठ्याहत्तरीच्या घरात आल्यावर, अन् तो आला की मान खाली जाते.

आमच्या गावाच्या उगवतीला महादेवाचं जुनं देऊळ आहे. काळ्या दगडाचं, हेमाडपंथी. त्यात चुना नाही, माती नाही, शिसं नाही. एका दगडाला खाच, दुसऱ्याला तिच्यात बसणारी खुंटी, अन् वरच्याचं वजन खालच्यावर. बस, एवढ्यावर ते उभं. भिंतही सरळ नाही, कोपऱ्याला कोपरे काढत चांदणीसारखी फिरलेली. आत गेलं की वर पाहावं. चार खांबांवर चौकोन, त्या चौकोनावर तिरपा टाकलेला दुसरा चौकोन, त्यावर अजून एक, असं लहान लहान होत शेवटी एकच दगड, त्यात कमळ कोरलेलं. म्हातारी माणसं सांगत की राक्षसानं एका रात्रीत बांधलं, कळस चढवायचा तेवढा राहिला अन् कोंबडा आरवला. लहानपणी मला त्या कोंबड्याचा फार राग येई.

पण सांगायचं ते चैताचं. दिवसभर ऊन खाऊन देऊळ तव्यासारखं व्हायचं. दिवस कलला, भिंतीवरून सावली चढली, की दगड निवायला लागत. अन् मग त्या सांध्यांमधून आवाज यायचा. टक्. थोडा वेळ काहीच नाही. पुन्हा टक्. मोठ्या माणसानं दिवसभराच्या कामानंतर बोटं मोडावीत तसा. आमच्याकडं म्हणत, "देव आंग मोडून राह्यला." अन् गावाची रीत अशी की चैतात संध्याकाळचा दिवा पहिला आवाज आल्याशिवाय लावायचा नाही. गुरव काडीपेटी हातात धरून गाभाऱ्याच्या दारात बसून राही. बायका वाती वळत बसत, माणसं ओट्यावर टेकत, पोरं कोणी बोललं की "चूप, चूप" करत. देवळाची काडी ओढायला देवळाचाच हुकूम लागे. असलं दुसरं गाव मी पाहिलं नाही, अन् मी कारंज्यापासून जऊळक्यापर्यंत घरं बांधली आहेत.

त्या वेळी सगळे देवळाच्या आत, ओट्यावर. एक माणूस तेवढा समोरच्या विहिरीच्या काठावर बसायचा, आपल्या दहा वर्षांच्या पोरीला जवळ घेऊन. दादाराव त्याचं नाव. पाट्या-वरवंट्याला टाकी लावायचं काम त्याचं, उंबऱ्याचे दगड घडायचं, विहिरी बांधायचं. त्याच्या बापानं बाबासाहेबांच्या मागं जाऊन दीक्षा घेतली, तेव्हापासून त्यांचं देवळाशी नातं संपलं. मी एकदा त्याला हासत विचारलं, "दादाराव, देव सोडला म्हनता, अन् दिव्याच्या टायमाले बराबर येता कायले?"

तो म्हणाला, "देव सोडला गनपत. गोटा कुठं सोडला? मी दिव्याले येत नाई, गोट्याचं बोलनं आयकाले येतो."

अन् पोरीला सांगायचा, "पयला आवाज उगवतीकडून येते, सुजाता. तिकडच्या भिंतीवरचं ऊन आधी जाते ना, थे आधी निवते. तिकडं कान ठेव." पोरगी उगवतीकडं तोंड करून बसायची. आम्ही बाकीचे सगळे गाभाऱ्याकडं पाहत बसायचो. देव तिकडं होता ना.

एकदा मी सभामंडपात उभा होतो अन् तो बाहेरून, खिडकीच्या जाळीतून एका खांबाकडं बोट दाखवत होता. "तीन खांब कोरले, चवथा पाह्य. निस्त्या रेघा मारून ठेवल्या. कोनाचा तरी वाटा होता थो. मेला असन, नाई तं रुसला असन." इतकी वर्षं मी त्या खांबाला टेकून बसत होतो, माझ्या लक्षात कधी आलं नव्हतं. मला ते आवडलं नाही. मिस्तरी मी होतो ना.

माझं शिक्षण चौथी. पण ओळंबा धरला की भिंत सरळ, अन् सिमेंटाची पट्टी ओढली की सुतासारखी. माझ्या थापीचा उजवा कोपरा तुटलेला होता, त्यामुळं पट्टीच्या कडेला केसासारखी एक रेघ उमटायची. लोक म्हणत, ही गणपत मिस्तरीची रेघ. मी थापी बदलली नाही. रेघेसाठीच बदलली नाही, खोटं कशाला बोलू.

तर चाळीस वर्षांमागं एका वर्षी देऊळ फार गळलं, अन् गावानं ठरवलं की डागडुजी करायची. काम माझ्याकडं आलं. मी फिरून पाहिलं अन् सांगितलं, "सांधेच उघडे आहेत. बिनमसाल्याचं काम. सारे सांधे सिमेंटानं बंद करतो, पाण्याचा थेंब नाही शिरणार." सगळे खूश. थंडी सरता सरता काम सुरू झालं, कारंज्याहून सिमेंटाच्या थैल्या आल्या.

दुसऱ्या दिवशी दादाराव आला. हातात त्याची ती पावशेराची हातोडी, टाकी लावायची. बाहेरच्या भिंतीला ती टुकटुक लावत, कान देत, सारं देऊळ फिरला. डॉक्टर पाठीवर बोटं वाजवतो तसा. मग माझ्यापाशी येऊन म्हणाला, "गनपत, पानी छतावरून शिरून राह्यलं. तेवढ्या वरच्या फटी बुजव, त्याई चुन्यानं. आंगाच्या सांध्याईले हात लावू नोको. गोटा उन्हात फुगते, रात्री आकसते. त्याले कूस बदलाले जागा पाह्यजे. तू सिमेंट भरशीन तं त्याले बांधून टाकशीन. मंग थो तुटते."

आठ-दहा माणसं उभी होती. त्यांच्यासमोर मला कोणी शिकवावं, अन् तेही दादारावनं? मी थापी थैलीवर आपटली अन् म्हणालो, "दादाराव, फोडनाऱ्यानं जोडनाऱ्याले शिकवू नाई."

सगळे हासले. वामन, माझा लहानपणचा दोस्त, तो तर टाळी देऊन हासला. पुढं कितीक दिवस ते वाक्य गावात चाललं. मी घरी येऊन शांताला, माझ्या बायकोला, पुन्हा सांगितलं. ती भाकर थापत होती. तिनं वरही पाहिलं नाही. म्हणाली, "बोललात झकास. त्याचं म्हननं खरं निंगालं तं?"

मी सगळे सांधे भरले. आतून, बाहेरून. वरून अशा पट्ट्या ओढल्या की कारंज्याचे लोक पाहायला आले.

मग चैत आला. पहिल्या दिवशी गुरव काडीपेटी घेऊन बसला. बायका वाती वळून मोकळ्या झाल्या. अंधार पडला. आवाज आला नाही. कोणी म्हणालं, ऊन कमी होतं आज. दुसऱ्या दिवशीही तसंच. विहिरीच्या काठावर दादाराव बसलेला मला दिसत होता. तिसऱ्या दिवशी गुरवानं आपणच काडी ओढली. काडीचा तो फर्र आवाज मला आजही ऐकू येतो. चौथ्या दिवसापासून घड्याळावर दिवा लागायला लागला. मी सगळ्यांना सांगितलं, "आता देऊळ मजबूत झालं, म्हणून बोलत नाही."

मुक्या माणसाला मी मजबूत म्हटलं.

वैशाखात, भर दुपारी, गाभाऱ्याच्या दारावरची दगडी तुळई तुटली. आत कोणी नव्हतं, देवाची कृपा. बंदुकीसारखा आवाज झाला. जाऊन पाहिलं तर मधोमध उभी चीर, हात जाईल एवढी. इतके उन्हाळे पाहिलेली तुळई माझ्या पहिल्या उन्हाळ्यात गेली.

त्याच संध्याकाळी ओट्यावर गाव जमलं. लोक भ्यालेले. कोणी म्हणे देव कोपला, कोणी म्हणे काय चुकलं ते शोधा. मी खांबाला टेकून उभा होतो, तोच तो रेघा मारून सोडलेला खांब. कोणी अजून माझं नाव घेतलं नव्हतं, पण मला वाटत होतं आता घेतील, आता घेतील. अन् ते घ्यायच्या आत मी म्हणालो, "दादाराव हातोडी मारत फिरत होता साऱ्या देवळाले. मी सोता पाह्यलं."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. हातोडी त्यानं लावली होती, मी पाहिली होती. खरं बोलून इतकं मोठं खोटं बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

बाकीचं काम गावानं केलं. "त्याले देव पाह्यजे कुठं", "मुद्दामच केलं असन", "चांगलं व्हावं असं कायले वाटन त्याले". मारहाण नाही, भांडण नाही. दादारावला कोणी जाब विचारला नाही. फक्त पाटे त्याच्याकडं जायचे बंद झाले. उंबऱ्याचा दगड लोक बाहेरून आणायला लागले. विहिरीच्या कामाला दुसरा माणूस आला. दिवाळीच्या आत तो बायको-पोरीला घेऊन जऊळक्याला गेला, टेशनाकडं गिट्टी फोडायला. टाकी लावणारा माणूस गिट्टी फोडायला गेला. माझं वाक्य मी असं खरं करून दाखवलं.

तुटलेल्या तुळईखाली मी लोखंडी खांब दिला. त्यालाही सिमेंट लावलं.

पाच-सहा वर्षांनी तो मला कारंज्याच्या बसस्टँडवर भेटला. चैतच होता. मी रसवंतीवर उसाचा रस पीत उभा, तो बाकावर. केस पांढरे झालेले. मी तोंड फिरवणार तोच त्यानं हाक मारली. "गनपत, बरा हायेस?" मी म्हणालो, "बरा आहे." मला वाटलं आता काढतो हा विषय. त्यानं विचारलं ते एवढंच, "आवाज येते काय रे अजून देवळातून?"

मी ग्लास खाली ठेवला अन् म्हणालो, "येते ना. रोज येते."

"चांगलं झालं," तो म्हणाला. त्याची गाडी लागली होती, तो उठून गेला. मी तो रस पुरा प्यालो नाही. तेवढंच काय ते त्या दिवशी माझ्याकडून चांगलं झालं.

मागच्या थंडीत देवळाचं काम निघालं. जुन्या दगडी कामाची जाणकार एक बाई आली, तिशीतली, पायात बूट, डोक्याला फडकं. तिनं देऊळ दोन दिवस नुसतं पाहिलं. मी रोज जाऊन बसायचो. तिनंच मला सांगितलं, की राक्षस वगैरे काही नाही, देवगिरीच्या यादवांच्या काळातलं काम आहे, एका पिढीनं सुरू केलं असेल अन् दुसरीनं थांबवलं असेल. खांबांचे हात वेगळे आहेत हेही तिनं दाखवलं. मी म्हणालो, "तीन कोरले, चवथ्याच्या निस्त्या रेघा." ती खूश झाली. "आजोबा, तुमची नजर चांगली आहे." दुसऱ्याची नजर मी आपली म्हणून खपवली.

मग ती माझ्या पट्ट्यांपाशी गेली. बोट फिरवलं. म्हणाली, "हे सिमेंट सगळं काढावं लागेल. सिमेंट दगडाहून हट्टी असतं. पाणी आत अडकवतं, दगडाला हलू देत नाही. ती तुळई यानंच गेली. अन् हा मिस्तरी पाहा, थापीचा कोपरा तुटलेला होता त्याच्या, सगळीकडं रेघ आहे. कोण होता हो?"

मी म्हणालो, "मेला असन थो."

घरी येऊन शांताला सांगितलं. ती माझ्याकडं पाहतच राहिली. "मेला म्हनून सांगतलं? मंग मी हे कुंकू कोनाच्या नावाचं लावून राह्यली?" हासली नाही ती. चुलीतलं लाकूड मागं ओढलं अन् म्हणाली, "इतके वर्सं मी बोलली नाई. त्याची बायको माह्यासंगं वावरात निंदाले येत होती. जाताना मले पाटा देऊन गेली, त्यानं टाकी लावलेला. त्याच पाट्यावरची चटनी तुमी खाऊन राह्यले आजवर."

दुसऱ्या दिवशी मी बाईला सांगितलं, तो मिस्तरी मीच. ती म्हणाली, "मग तुम्हाला माहीत असेल कुठं किती खोल भरलंय." तिनं माझ्या हातात बारीक छिन्नी दिली. तीन महिने मी माझंच काम उकरत होतो. टिचभर पट्टी काढायला अर्धा दिवस जाई, दगडाला दुखू द्यायचं नाही म्हणून. सांध्याच्या आत दगडाची कड दिसली की असं वाटे, कोणाच्या तोंडातला बोळा काढतो आहे.

काम सरत आलं तेव्हा जऊळक्याला गेलो. दादाराव जाऊन बारा-पंधरा वर्षं झालेली. सुजाता तिथल्या शाळेत शिकवते. तिनं ओळखलं, पाणी दिलं, खुर्ची दिली. मी दादारावच्या फोटोकडं न पाहता सगळं सांगून टाकलं, हातोडीचं, बसस्टँडचंही. ती ऐकत राहिली. मी म्हणालो, "मले माफ कर बाई."

ती म्हणाली, "बसस्टँडचं आमाले माहीत हाये. बाबा घरी येऊन लय हासले होते. म्हने, गनपत म्हनते आवाज रोज येते. हासता हासता डोळे पुसले त्याईनं." मग ती उठली. "काका, मले कायले सांगता? मी थोडीच म्हनलं होतं हातोडी मारली म्हनून. ज्या ओट्यावर बोलले तिथं सांगा. मी येईन आयकाले."

परवा चैताच्या पुनवेला सुजाता आली. दुपारच्या गाडीनं, एकटी. दगडाच्या जाणकार बाईनं सांगितलं होतं की सांधे मोकळे झाले, आवाज येईल की नाही सांगता येत नाही. गुरवाचा नातू काडीपेटी घेऊन गाभाऱ्याच्या दारात बसला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दिवा घड्याळावर लागणार नव्हता, म्हणून सारं गाव जमलं होतं. सुजाता ओट्यावर चढली नाही. विहिरीच्या काठावर जाऊन बसली.

मी त्या चौथ्या खांबापाशी उभा राहिलो. "ऐका," म्हणालो. "तुळई दादारावच्या हातोडीनं नाई तुटली. माह्या सिमेंटानं तुटली. त्यानं मले आधी सांगतलं होतं. मी भ्यालो म्हनून त्याचं नाव घेतलं."

मला वाटलं आता शिव्या बसतील. अन् खरं सांगतो, बसाव्यात असं वाटत होतं. मग वामन, तोच टाळी देणारा, आता जाड भिंगाचा चष्मा, हळूच म्हणाला, "हे काय नवीन सांगून राह्यला गनपत? पावशेराच्या हातोडीनं तुळई तुटते काय? साऱ्या गावाले माहीत होतं. बस खाली."

कोणी मान हलवली. कोणी म्हणालं, "जाऊ दे ना बाप्पा, झालं थे झालं." एकानं मला बसायला जागा करून दिली. सगळ्यांना माहीत होतं. मी चाळीस वर्षं जे छातीशी धरून बसलो होतो ते सगळ्यांच्या खिशात होतं. मी त्यांचा होतो, तो त्यांचा नव्हता, एवढाच काय तो हिशेब. मला जागा करून देत होते. मला बसवेना.

विहिरीवरून सुजाता बोलली. आवाज चढवला नाही, पण शिक्षिकेचा आवाज, साऱ्यांना गेला. "बाबालेही माहीत होतं, तुमाले सगळ्याईले माहीत हाये म्हनून. एकट्या गनपतकाकानं खोटं सांगतलं असतं तं थे राह्यले असते गावात."

भिंतीवरून ऊन सरकत होतं. हळदीच्या कढईचा धूर कुठून तरी येत होता. मी मावळतीच्या भिंतीकडं पाहत उभा होतो, कारण सगळ्यात जास्त सिमेंट मी तिथं भरलं होतं अन् तिथंच सगळ्यात जास्त उकरलं होतं. मनात म्हणत होतो, बोल बाप्पा, एकदा बोल, मग मला काय करायचं ते कर.

टक्.

माझ्या पाठीमागून. मी दचकून वळलो. गुरवाच्या नातवानं काडी ओढली, दिवा लागला, बायकांनी हात जोडले. विहिरीच्या काठावर सुजाता मघापासूनच उगवतीकडं तोंड करून बसली होती. ती उठली, साडीची धूळ झटकली, पिशवी घेतली. तिला शेवटची गाडी गाठायची होती. जाता जाता ओट्यापाशी थांबली.

"काका, तुमी मावळतीकडं काहून पाह्यत होते? पयला आवाज उगवतीकडून येते. बाबानं सांगतलं नव्हतं काय तुमाले?"

"सांगतलं होतं," मी म्हणालो.